मदत हवी: स्पिन उलटवूनही झेनॉनच्या काउंटमध्ये फरक नाही

घणसोली_बीम: ऐरोलीच्या लॅबमध्ये ध्रुवीकृत इलेक्ट्रॉन (ज्यांचे स्पिन जास्त करून एकाच बाजूला) झेनॉनवर सोडतोय, ई-टू-ई, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आत, दोन बाहेर. त्या दोघांच्या कोइन्सिडन्सचं, म्हणजे एकाच वेळी पकडल्याचं, शिखर स्वच्छ आहे. पण हेलिसिटी (कॅथोडवरच्या लेसरच्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाची दिशा, तिच्यामुळे स्पिन उलटतो) उलटवली तरी काउंट तेवढेच, असममिती (दोन्ही स्पिनच्या काउंटमधला सापेक्ष फरक) ०.३ टक्के आणि त्रुटीच १ टक्का. कॅथोड ताजा, करंट भरपूर. कुठे बघू? जरा लवकर सांगा, झेनॉन संपत आलाय.

वागळे_व्हॅक्यूम: लेसर किती नॅनोमीटरचा? कॅथोड साधा गॅलियम आर्सेनाइड की स्ट्रेन्ड (स्फटिकात ताण दिलेला)? ध्रुवीकरण मोजलंय का? कॅथोडवर सिझियम-ऑक्सिजनचा थर नीट बसला की करंट मिळतो, स्पिनची हमी नाही.

हौशी_भौतिकी: साधी टंगस्टन गन घ्या आणि स्टर्न-गेरलाख चुंबकाने (असमान क्षेत्राच्या) अप-डाउन स्पिन वेगळे करा. लेसरची कटकटच नको.

खाडीकाठी: अहो, ती चांदीच्या अणूंची गोष्ट. मोकळ्या इलेक्ट्रॉनवर लॉरेंट्झ बल (चालत्या विद्युतभारावरचं चुंबकाचं बल) इतकं असतं की स्पिनचं विभाजन त्यात पुसून जातं.

घणसोली_बीम: साधा कॅथोड, ६५० चा डायोड. मॉट डिटेक्टर (इलेक्ट्रॉनचं स्पिन ध्रुवीकरण मोजणारा) नाही. पण करंट आहे म्हटलं ना!

वागळे_व्हॅक्यूम: झालं तर मग. ६५० म्हणजे १.९१ ईव्ही. बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा पट्टी ओलांडण्याची) १.४२, वरच्या भरलेल्या बँडच्या ०.३४ खाली स्प्लिट-ऑफ नावाचा आणखी एक बँड, म्हणजे १.७६ च्या वर गेलात की तिथलेही इलेक्ट्रॉन उलट्या स्पिनने मिसळतात. करंट मस्त, ध्रुवीकरण जवळजवळ नाही. ७८० लावा (१.५९ ईव्ही). साध्या कॅथोडची कमाल ५० टक्के, हाती २५ ते ३५. क्वार्टर-वेव्ह प्लेटही (प्रकाश वर्तुळाकार करणारी) नवीन घ्या.

खाडीकाठी: प्लेटचे पैसे कशाला घालवायला लावता? झीरो-ऑर्डर (नेमक्या पाव तरंगाचाच फरक देणारी) असेल तर ६५० ची प्लेट ७८० ला ७५ अंशांचा फेज देते; वर्तुळाकार भाग ९७ टक्के उरतो. त्यापेक्षा खिडकीच्या काचेतला ताण तपासा. आणि स्पिन कुठल्या दिशेला आहे? कॅथोडमधून निघताना तो बीमच्या रेषेत असतो. तुमची भूमिती समतल (आतला आणि बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच प्रतलात) असेल तर प्रतलातला स्पिन असममिती देऊच शकत नाही, तो प्रतलाला लंब हवा.

घणसोली_बीम: ९० अंशाचा इलेक्ट्रोस्टॅटिक डिफ्लेक्टर अर्थातच आहे, तो बीम वळवतो पण स्पिनची दिशा तशीच ठेवतो, त्यामुळे स्पिन प्रतलाला लंबच येतो. ते काय लिहायचं?

खाडीकाठी: लिहायचंच. आता अ‍ॅनालायझरची (इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजणाऱ्याची) त्रिज्या, स्लिट, पास एनर्जी (ज्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यातून जातात ती)?

घणसोली_बीम: ५० मिमी, २ मिमी, ५० ईव्ही.

खाडीकाठी: म्हणजे एकेका अ‍ॅनालायझरचं विभेदन, स्लिट × पास एनर्जी / (२ × त्रिज्या), २×५०/(२×५०) = १ ईव्ही, दोघांचं मिळून १.४, कोनाची भर वेगळी. इलेक्ट्रॉन निघाल्यावर उरणाऱ्या झेनॉन आयनच्या दोन पातळ्या, पी-३/२ आणि पी-१/२, १२.१३ आणि १३.४४ ईव्हीला, अंतर १.३१. तुमच्याकडे दोन्ही एकाच शिखरात येतात. साध्या चित्रात पी-१/२ ची असममिती पी-३/२ च्या उणे दुप्पट, आणि तीव्रता निम्मी. बेरीज शून्य! लेसर बदलूनही इथे अडकाल. पास एनर्जी २० करा, मिळून ०.५७ येईल. काउंट घटतील, ते सोसा.

वागळे_व्हॅक्यूम: हे बरोबर, पण आधी ध्रुवीकरण मोजायलाच हवं. २५ केव्हीचा छोटा मॉट बसवा.

खाडीकाठी: खाडीकाठच्या जुलैत २५ केव्ही? बाहेरच्या इन्सुलेटरवर बाष्प बसून चटचट होते. हीलियम सोडा, २३ ईव्हीच्या जरा वर, स्पिनच्याच दिशेने ३८८.९ नॅनोमीटरच्या रेषेचं वर्तुळाकार ध्रुवीकरण बघा, त्यावरून इलेक्ट्रॉनचं ध्रुवीकरण कळतं.

वागळे_व्हॅक्यूम: इन्सुलेटर पुसून सुक्या नायट्रोजनचा झोत ठेवला की मॉट चालतो. बाकी मोजा कशानेही. पण कॅथोडवर रेषीय ध्रुवीकृत प्रकाश देऊन शून्य येतं का तेही बघा, आणि प्रत्येक हेलिसिटीला करंटने भागा. नाहीतर खोटी असममिती दिसेल.

रबाळे_रात्रपाळी: आयन पंप यूपीएसवर आहे ना? लाइट गेली आणि दाब १०⁻¹⁰ मिलिबारवरून चढला की कॅथोड गेला समजा.

घणसोली_बीम: यूपीएस आहे. ७८० चा डायोड मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळेल?

रबाळे_रात्रपाळी: जुन्या सीडी रायटरमध्ये तोच असतो. ड्रायव्हर स्थिर करंटचाच घ्या. ६५० चा गॉगल मात्र ७८० ला चालत नाही, आणि तो प्रकाश डोळ्याला जेमतेम दिसतो.