दिवाळीचे पाहुणे आणि घरातली मोरी : सोलापूरकरांचे अनुभव

गेल्या नरक चतुर्दशीच्या पहाटे विजापूर रोडवरच्या आमच्या घरात चौदा माणसे होती आणि सातव्या माणसाची अंघोळ चालू असताना नहाणीतले पाणी उंबरठा ओलांडून बाहेरच्या खोलीत आले. जाळी काढून हात घातला, तेव्हा तळहाताएवढा, ओल्या घोंगडीच्या तुकड्यासारखा एक थर बाहेर निघाला. उटणे, तिळाचे तेल आणि लांब केस एकमेकांत गुंतून तो तयार झाला होता. उटणे पाण्यात विरघळत नाही, तेल त्याच्या कणांना बांधून ठेवते आणि केस त्या गोळ्याला अडकायला जागा देतात. एरवी आठवड्याला दोन अंघोळी तेलाच्या होणाऱ्या नहाणीत एका पहाटेत सात झाल्यावर दुसरे काय होणार होते? यंदा जाळीवर जुन्या साडीचा विरळ तुकडा ताणून बसवणार आहे, आणि दर तीन अंघोळींनंतर तो झटकून कचऱ्याच्या डब्यात रिकामा करण्याचे काम एका माणसाकडे सोपवणार आहे.

सण आणि यात्रेच्या दिवसांत आपल्या घरी पाण्याचे, नळाचे आणि मोरीचे काय बिघडले, आणि पुढच्या वेळी ते बिघडू नये म्हणून आपण काय केले, हे कृपया सविस्तर लिहावे, अशी विनंती मी सोलापूरकरांना केली होती. आलेले अनुभव खाली देत आहे.

जुळे सोलापूर

आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतात. शहराला उजनी धरण, टाकळीचा बंधारा आणि हिप्परगा तलाव अशा तीन ठिकाणांहून पाणी मिळते. पण पाहुणे आले म्हणून कोणत्याही भागाची पाळी अलीकडे येत नाही, त्यामुळे हिशोब घरातच करावा लागतो. शहरी माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागते असे नियोजनात धरतात. त्या मापाने बारा माणसांचे चार दिवसांचे पाणी 6,480 लिटर होते. आमचा हौद 5,000 लिटरचा आणि गच्चीवरची टाकी 1,000 लिटरची, म्हणजे दोन्ही काठोकाठ भरूनही पाणी पुरत नाही. हे आम्ही दोन वर्षांपूर्वी वहीत मांडले नव्हते, आणि पाडव्याच्या सकाळी टाकी तळाला गेली. पाणी संपण्याचा त्रास एका दिवसाचा होता. खरा त्रास नंतर झाला, कारण रिकाम्या नळवाहिनीत हवा शिरली आणि टाकीच्या तळाचा गाळ तोट्यांच्या जाळ्यांत जाऊन बसला. टाकी पुन्हा भरल्यावर वरच्या मजल्यावरचे नळ नुसते फुसफुसत राहिले. सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडून हवा बाहेर जाऊ दिली, तेव्हा कुठे धार सुरळीत झाली. आता सणाच्या दहा दिवस आधी टाकी धुऊन घेतो, गळणाऱ्या तोट्यांचे वॉशर बदलतो आणि टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही.

साखर पेठ

आमचा जुना वाडा आहे, चार बिऱ्हाडांची मोरी पुढे एकाच वाहिनीला मिळते. चकली, शंकरपाळे, अनारसे सगळ्यांच्या घरी एकाच आठवड्यात होतात आणि चार कढया एकाच वाहिनीत धुतल्या जातात. माझ्या सासूबाई कढईत गरम पाणी आणि साबण घालून ते ओतून देत असत, कारण गरम पाण्याने तेलकटपणा निघून जातो असा त्यांचा समज होता. तो निघून जातो खरा, पण आपल्या डोळ्यांआडच्या वळणापर्यंतच. तिथे पाणी निवले की वनस्पती तूप थिजते, त्यावर बेसनाचे पीठ चिकटते आणि बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन त्याचा पांढरट, मेणासारखा कठीण थर बसतो. तीन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी भांडी घासली आणि पाणी आमच्या मोरीतून वर आले. लवचिक तार घालणाऱ्या कारागिराने बाहेर काढलेला तो गोळा सासूबाईंनी स्वतः पाहिला, आणि त्या दिवसापासून त्यांनीच वाड्यात नियम घातला: कढई आधी वर्तमानपत्राच्या कागदाने पुसायची, कागद कचऱ्यात टाकायचा, तळणीचे उरलेले तेल गार करून बरणीत भरायचे आणि मगच भांडे मोरीत न्यायचे. शेंगांची टरफले, चहाचा चोथा आणि भात यांसाठी मोरीच्या तोंडाशी बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवली आहे.

एक कळकळीची सूचना. मोरी तुंबल्यावर घाईघाईने एकावर एक रसायने ओतू नयेत. ब्लीचमध्ये आम्लयुक्त क्लीनर मिसळल्यास क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, आणि घर माणसांनी भरलेले असताना तो धोका सर्वांना आहे. आधी रबरी पंप वापरावा. त्याची वाटी पाण्यात बुडालेली असावी आणि बेसिनचे वरचे छिद्र ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे, नाहीतर सारा जोर त्या छिद्रातून निघून जातो.

होटगी रोड

आमचा प्रश्न गिझरचा होता. 15 लिटरच्या आणि 2,000 वॉटच्या गिझरला 25 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला साधारण अठरा मिनिटे लागतात, म्हणजे चौदा माणसांना चार तासांहून अधिक. हे गणित आधी केले असते तर शेवटच्या मामांना गार पाण्याने अंघोळ करावी लागली नसती. आता अंगणात तांब्याचा बंब पेटवतो. शेजारी गॅसचा गिझर आहे; तो बंद नहाणीत कधीही लावू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणसाला धोका कळतही नाही.

अशोक चौक

आमच्याकडे पाहुण्यांची खरी गर्दी जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या यात्रेला होते. अक्षता सोहळ्यासाठी विजापूर आणि कलबुर्गीकडचे नातेवाईक येतात आणि तीन दिवस एकच शौचालय वीस माणसे वापरतात. एका वर्षी ते तुंबले, आणि भांडे उचलल्यावर आत सॅनिटरी पॅड सापडले. दोष कोणा पाहुणीला देता येणार नाही, कारण टाकायला डबाच ठेवलेला नव्हता आणि अनोळखी घरात नव्या सुनेने ते कोणाला विचारावे? आता झाकणाचा डबा, जुन्या कागदांची चळत आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांत लिहिलेली छोटी पाटी असते. याशिवाय माझी आई मुलींना आल्या दिवशीच बाजूला घेऊन सांगते, आणि पाटीपेक्षा तिच्या सांगण्याचा उपयोग अधिक होतो.

सैफुल

पाहुण्यांसाठी ठेवलेली वरची खोली वर्षभर बंद असते. तिच्या नहाणीतून दुर्गंधी येते म्हणून आम्ही फरशी उखडण्याच्या विचारात होतो. वास्तविक नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागातले, पाणी सुकले होते, आणि गटारातली हवा अडवते ते हेच पाणी. आता पंधरा दिवसांतून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओततो.

सात रस्त्याजवळची एक सोसायटी

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या आवारातले चेंबर भरून वाहू लागले आणि काही सभासदांनी एका माणसाला दोरी बांधून आत उतरवायचे ठरवले. मी सचिव म्हणून ते होऊ दिले नाही. 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यास मनाई आहे, आणि आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध होऊ शकतो. शोषण यंत्राची गाडी येईपर्यंत सहा तास सर्वांनी पाणी वापरणे थांबवले. तेव्हापासून आश्विनाच्या आरंभीच सर्व चेंबरांची झाकणे उघडून पाहतो आणि गाळ असेल तर गाडी आधीच बोलावतो.

मुरारजी पेठ

भाऊबीजेच्या दुपारी बेसिनखालची कनेक्शन नळी फुटली. त्या नळीचे पाणी बंद करणारा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, क्षारांनी इतका गच्च बसला होता की पान्ह्यानेही फिरेना, आणि टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्या वेळी घरात असलेल्या नऊ जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मी बाजारातून परत येईपर्यंत आत्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीवर गुंडाळून ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. नव्या नळ्या आणि नवे कॉक तेव्हाच बसवले. दर महिन्याला प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून उघडतो, म्हणजे क्षार धरत नाहीत. गच्चीवरच्या मुख्य व्हॉल्व्हला लाल रंग दिला आहे, आणि या वेळी आत्याची मुले आली की पहिल्याच संध्याकाळी दोघांना वर नेऊन तो त्यांच्याच हातांनी बंद करून उघडायला लावणार आहे.