मदत हवी आहे: गल्ल्याखाली पिस्तूल ठेवलंय आणि मी एच-४ वर आहे

मंडळी, नमस्कार. मी ह्यूस्टनजवळ राहते. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ वर, म्हणजे त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. ईएडी (काम करायचा परवाना) हातात आल्यापासून दीड वर्ष एका देशी रेस्टॉरंटमध्ये काम करतेय. आत छोटा बार आहे. शुक्रवार-शनिवारी रात्री बंद करायचं काम माझ्याकडे आणि तंदूरवाल्या काकांकडे असतं.

मालक इथले सिटिझन आहेत. शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावूनच काउंटरला उभे राहतात. लायसन्स आहे, माझी त्याला हरकत नाही. पण शेजारच्या गॅस स्टेशनवर लूट झाली तेव्हापासून ते फार घाबरलेत. गेल्या शुक्रवारी पावतीचा रोल संपला म्हणून गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडला. खोक्यामागे पिवळ्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. रोल ओढताना फडकं सरकलं आणि पिस्तुलाची मूठ दिसली. समोर गिऱ्हाईक बिलासाठी ताटकळलेलं आणि माझ्या हाताला कंप. रोल दोनदा उलटा बसवला.

मालकांना विचारलं, तर म्हणाले, "मी नसेन त्या रात्री तुमच्यासाठीच आहे ते. भरलेलं आहे. पैशांची पिशवी घेऊन गाडीपर्यंत जाताना जॅकेटच्या आत ठेवत जा. टेक्ससमध्ये आता लायसन्सही लागत नाही."

दारावरची पाटी मी बघून आले. बंदुकीला बंदी सांगणारी लाल ५१ टक्क्यांची नाही, कारण आमची निम्म्याहून जास्त कमाई बिर्याणीची आहे, दारूची नाही. म्हणजे जागेला बंदी नसावी. पण माझं काय? नवरा म्हणतो उद्यापासून जाऊच नकोस. सहा वर्षं घरात बसून काढली आहेत हो मी, हे काम असं सोडवत नाही. मालकांना दुखावायचंही नाही, अडचणीत त्यांनीच हात दिला होता. कृपया लवकर सांगा.

डॅलसकर: ताई, आधी एवढंच ऐका: त्या ड्रॉवरला हात लावू नका. लायसन्सशिवाय पिस्तूल बाळगायची मुभा १ सप्टेंबर २०२१ पासून आहे हे खरं, पण ती टेक्ससची. तिच्यावर केंद्राचा कायदा आहे आणि त्यानुसार एच-४, एच-१बी, एफ-१ (विद्यार्थ्यांचा) अशा व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगता येत नाहीत. शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, तुम्ही त्यांत बसत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, २०२२ मध्ये वाढवली. वर देशाबाहेर काढण्याची टांगती तलवार, म्हणजे ग्रीन कार्डच्या (इथे कायम राहायच्या परवान्याच्या) रांगेत घालवलेली सगळी वर्षं पाण्यात.

आणि 'जवळ बाळगणं' म्हणजे फक्त खिशात नव्हे. कुठे आहे हे माहीत आहे, हवं तेव्हा घेता येतं, घ्यायचं ठरलंय, एवढ्यावरही केस उभी राहू शकते. इमिग्रेशनचा आणि फौजदारी असे दोन्ही वकील गाठा, एकावर थांबू नका.

मालकांना हे सांगा: तुमचा व्हिसा माहीत असताना तुम्हाला पिस्तूल देणं हा त्यांचाही गुन्हा आहे. भला माणूस असेल तर तिथेच थांबेल. मी स्वतः बारा वर्षं बार चालवला. रात्री पैसे बाहेर नेणंच मी बंद केलं होतं. वरून पाकीट टाकायचं, किल्ली फक्त माझ्याकडे, अशी तिजोरी जमिनीला बोल्ट केली. दारावर पाटी लावली की इथल्या कोणाला ती उघडता येत नाही. बँकेत मी दुपारी जायचो.

प्राचीएच४: काकांचा व्हिसा कोणता?

धागाकर्ती: काकांचं ग्रीन कार्ड आहे, त्यांना ही व्हिसाची अडचण नाही, पण ते म्हणाले, "मला नको गं बाई, माझे हात कणकेत असतात." डॅलसकर दादा, खूप आभार. रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, मालकांशी बोलले. मला पिस्तूल देणं हा त्यांचाही गुन्हा आहे हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प बसले, मग उठून फडक्यासकट पिस्तूल घरी घेऊन गेले. त्यांच्या कमरेचं आहे तसंच आहे. मी ईमेलवरही लिहून पाठवलं, 'मी शस्त्र हाताळणार नाही, कृपया माझ्या शिफ्टला ते काउंटरला ठेवू नये.' वकिलांची वेळ गुरुवारची मिळाली आहे.

तिजोरीला मालक तयार आहेत, पण आमची जागा भाड्याची आणि खाली काँक्रीट. बोल्ट मारायला जागामालकाची लेखी परवानगी लागते का? तुम्ही कशी घेतली होती?