पांढराच लावायचा, पण कुठला?
उत्तरेला खिडकी असलेल्या खोलीत उजेड वाढावा म्हणून भिंतींना सरसकट पांढरा रंग लावा, असं कुणीतरी सुचवलंय. जरा थांबा. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात त्या खिडकीतून ऊन येतच नाही, येतो तो आभाळाचा निळसर उजेड. त्यात शुभ्र पांढरा मळकट वाटतो आणि करडा तर चक्क निळा दिसतो (लावून पस्तावलोय!). किंचित पिवळट झाक असलेला पांढरा घ्या. शेडकार्डच्या चिटुकल्या चौकोनावर विसंबू नका. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात देऊन, वाळल्यावर तो खिडकीसमोरच्या आणि खिडकीलगतच्या भिंतीला टेकवून बघा, सकाळी आणि दिवे लागल्यावरही. २७०० केल्विनच्या (म्हणजे पिवळसर उजेडाच्या) बल्बखाली पिवळटपणा आणखी चढतो, तेव्हा आधी बल्ब ठरवा.