मदत हवी आहे: ट्रकसोबत न्यायला कोळशाची शेगडी कोणती घ्यावी?

राम राम भाऊ लोकहो, मी हिंगणघाटहून कापसाच्या गाठी घेऊन ४४ नंबर हायवेनं हैदराबादकडं जातो. ढाब्यावरचं तेलकट खाऊन पोट खराब होते म्हणून आता रोडगे अन् भरताचं वांगं सोताच भाजून खायचं ठरवलं, त्यासाठी फोल्डिंगची शेगडी पाहिजे. गाडी दूर लावूनच पेटवणार, कापसाले एक ठिणगी पुरते.

अडचण वाऱ्याची आहे. एका सोबत्याच्या शेगडीवर पाह्यलं, एकीकडचे निखारे लालभडक अन् दुसरीकडचे राख धरलेले, रोडगा वरून काळा झाला अन् फोडला तर आत कच्ची कणीक. झाकणवाल्या शेगडीत हे कमी होते का? पत्रा किती जाड पाहिजे?

दुसरं म्हणजे जेवण झाल्यावर निखारे पाणी टाकून विझवता का झाकण लावून, अन् गाडीत ठेवायच्या आधी शेगडी किती वेळ थंड करता? पावसात काही जण कॅबिनमधीच पेटवतात, ते कोणी करू नका भाऊ, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साईडले वास नसते, झोपेतच जीव जाते. मंग पावसात तुमी काय करता? जे रोज वापरतात त्यायनं सांगा.