सोफिया अजून दोन महिने जगली असती तर?

काल राजवाड्यासमोरच्या टपरीवर दोन कटिंग होईपर्यंत वाद चालला. हॅनोव्हर या जर्मन संस्थानातली सोफिया, वय ८३. १७०१च्या कायद्याने इंग्लंडच्या गादीची वारस, कारण रक्ताने जवळचे पन्नासहून जास्त जण कॅथलिक, आणि कॅथलिकांना गादी बंद. १७१४च्या जूनमध्ये बागेत फिरताना सर आली, म्हातारी आडोशाला धावली आणि तिथंच कोसळली. गादीवरची ॲन राणी ऑगस्टमध्ये गेली. म्हणजे एका पावसाने मुकुट हुकला! ती बसली असती तर काय बदललं असतं? मित्र म्हणतो, काही नाही. मला पटत नाही.

शाहूपुरीकर : तिला इंग्रजी चांगलं यायचं, पोरगा जॉर्ज त्यात कच्चा. तो मंत्र्यांच्या बैठकांना जाईनासा झाला, मंत्री वॉलपोलचं फावलं. म्हातारीने कान उपटले असते.

कासचा वारा : अहो, त्या वयात किती दिवस? त्यापेक्षा १८१७ बघा. इंग्लंडच्या राजाची नात, गादीची वारस राजकन्या शार्लट बाळंतपणात गेली, नवा वारस हवा म्हणून काकालोकांची लग्नासाठी पळापळ झाली, १८१९ला व्हिक्टोरिया जन्मली. शार्लट वाचली असती तर व्हिक्टोरिया राणी कुठली?

माहुलीकर : आपल्याकडचं विसरू नका. १८४८ला साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे गेले, मरणाआधी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला, सातारा खालसा. स्वतःच्या गादीला पन्नास जण ओलांडून वारस चालतो, आमचा दत्तक चालत नाही!

मूळ प्रश्नकर्ता : माहुलीकर, हे मित्राला पाठवलं. अजून उत्तर नाही, नुसत्या दोन निळ्या टिका.