हृदयाचा पडदा जाड झालाय, छाती न उघडता उपाय?

खानापूरहून लिहितेय. भावाला फॅब्री आजार आहे (घराण्यातून येतो, एक एन्झाइम कमी पडून पेशींत चरबी साठते), हृदयाचा मधला पडदा जाड होऊन रक्त बाहेर पडायला अडतंय, थोडा चढ चढला की धाप लागते. बेळगावच्या डॉक्टरांनी अल्कोहोलवाली प्रोसिजर सुचवलीय, लई भीती वाटते ओ, कुणाला माहितीय काय?

निपाणीकर: ताई, जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी नेऊन पडद्याला रक्त देणाऱ्या फांदीत साधारण 1 ते 3 मिली शुद्ध अल्कोहोल सोडतात, तेवढाच भाग मरून पातळ होतो. लंडनला सिगवार्ट नावाच्या हृदयाच्या डॉक्टरांनी 1994 साली सुरू केलं, म्हणजे जुनंच आहे. काहींना पेसमेकर लागतो, ते आधीच विचारा.

नर्सताई, चिकोडी: यानं अडथळा कमी होतो, मूळ आजार तसाच राहतो, एन्झाइमचं सलाईन दर 2 आठवड्यांनी चालू असलं तर सोडू नका. आईची आणि तुमची पण जीन टेस्ट करा की, बायकांना पण होतो हा.