काशानच्या फरशीवरची चमक सोन्याची आहे का?

प्रश्न:
परवा म्युझियममध्ये एक इराणी फरशी बघितली, आठ टोकांच्या चांदणीच्या आकाराची, पाटीवर काशान, तेरावं शतक एवढंच लिहिलेलं. समोरून साधी तपकिरी दिसते, पण जरा बाजूला सरकलं की अख्खी सोन्यासारखी लकाकते! मी तिथेच पुढे-मागे करत राहिले. हा सोन्याचा मुलामा असतो का? आणि शेजारच्या गडद निळ्या फरशीवर चक्क चिनी ड्रॅगन होता, तो इराणात कसा?

प्रतिसाद १:
मुलामा नाही, याला लस्टर म्हणतात. झिलई, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, दिलेली फरशी आधी एकदा भाजून घ्यायची, मग तिच्यावर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढायची आणि परत कमी आचेच्या, धूर कोंडलेल्या भट्टीत ठेवायची. धुरामुळे ऑक्सिजन मिळत नाही, मग धातूचे अगदी बारीक कण झिलईत अडकून बसतात, नंतर वरचा थर घासून काढला की खालून ही लकाकी. काशानच्या नामांकित कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये हे सगळं लिहून ठेवलंय, अगदी मातीचं मापसुद्धा, दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. चिनी पोर्सिलीनसारखं पांढरंशुभ्र भांडं हवं होतं आणि तशी माती हाताशी नव्हती, त्यावर काढलेला हा तोडगा मला तरी लस्टरइतकाच मोठा वाटतो.

प्रतिसाद २:
ड्रॅगन मंगोलांबरोबर आला. मंगोल राजा हुलागू इराणात आणि त्याचा भाऊ कुबलाई चीनमध्ये राज्य करत होता, त्यामुळे येणंजाणं भरपूर. हुलागूचा मुलगा अबाका याने १२७० च्या दशकात इराणातल्या तख्त-ए-सुलेमानला महाल बांधला, तिथल्या फरश्यांवर ड्रॅगन आणि फिनिक्स आहेत. तुम्ही बघितलेली निळी बहुतेक लाजवर्दी कामाची असणार, त्यात निळ्या झिलईवर पांढरा, लाल रंग आणि सोन्याच्या वर्खाचे कापलेले तुकडे चिकटवून परत भाजतात. म्हणजे खरं सोनं असलंच तर ते त्या निळीवर!

प्रतिसाद ३:
उलटी वाट पण सांगायला हवी. काशानजवळचं कमसर, गुलाबपाण्याचं गाव, तिथे कोबाल्ट निघायचं, म्हणजे भांड्यांना निळा रंग देणारं खनिज. चीनमधल्या जिंगदेझेनच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा सुरुवातीचा निळा असाच बाहेरून, इराणकडून आलेला. मग तीच भांडी इराणात एवढी आवडली की इराणचा बादशहा शाह अब्बासने १६११ मध्ये तिथल्याच अर्दबीलच्या दर्ग्याला हजाराच्या वर चिनी भांडी अर्पण केली, आणि इराणातल्याच किरमानचे कारागीर हुबेहूब तशीच बनवू लागले. पुढे चीनमधलं मिंग राजघराणं पडलं, चिनी माल मिळेना, तेव्हा डच व्यापाऱ्यांनी हा इराणी मालही विकायला घेतला.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार! रविवारी परत जाते, या वेळी निळीसमोर उभी राहून वर्खाच्या कडा शोधते.